देऊळ १९६२ मध्येच कंबोडियाला मिळालं, मग भांडण उरलं कशाचं?

प्रश्न थोडक्यात असा होता: "प्रेह विहिअरच्या देवळाचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्येच कंबोडियाच्या बाजूने मिटवला असं वाचलं, मग २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया रॉकेट आणि एफ-१६ घेऊन एकमेकांवर का तुटून पडले? थायलंड निकाल मानतच नाही का, की हे सगळं नुसतं राजकारण?"

सीमाकरार आणि त्यांना जोडलेले नकाशे वाचणं हे माझं बरीच वर्षं पोटापाण्याचं काम आहे आणि हा खटला मी कायद्याच्या मुलांना शिकवतोही, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. तुमचे दोन्ही पर्याय थोडे थोडे खरे आहेत पण मुळात प्रश्नच जरा सरकवून घ्यायला हवा. देऊळ कोणाचं हा वाद खरंच मिटला. सीमारेषा कुठून जाते हा मिटला नाही, आणि गंमत म्हणजे कोर्टाने तो मिटवायचं जवळपास ठरवूनच टाळलं. कुठलाही निकाल हातात आला की मी आधी बघतो मागितलं काय होतं, मग बघतो दिलं काय. त्या दोन्हीत जे अंतर असतं ना, पुढचं भांडण तिथेच उगवतं. इथे तसंच झालंय.

आधी जागा समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. थायलंडचं कोरातचं पठार दक्षिणेकडे हळूहळू चढत जातं आणि डांगरेक डोंगररांगेपाशी एकदम तुटतं, खाली कंबोडियाचं मैदान. ह्या कड्याच्या अगदी टोकावर, सव्वापाचशे मीटर उंचीवर हे शिवाचं देऊळ आहे, ख्मेर (म्हणजे कंबोडियाच्या जुन्या) राजांनी बांधलेलं, मुख्यतः अकराव्या आणि बाराव्या शतकातलं, पहिला सूर्यवर्मन आणि दुसरा सूर्यवर्मन ह्यांच्या काळातलं बरंचसं काम. देवळाच्या पायऱ्या उतरतात उत्तरेकडे, म्हणजे आजच्या थायलंडच्या बाजूला, आणि कंबोडियातून यायचं तर सरळसोट कडा चढावा लागायचा. नुसता भूगोल बघितला तर माणूस म्हणेल देऊळ थायलंडचं, आणि बांधलं कोणी ते बघितलं तर म्हणेल कंबोडियाचं. कोर्टाने ह्यातल्या एकाही गोष्टीवर निकाल दिला नाही हे लक्षात ठेवा, कारण दोन्हीकडचे लोक अजून ह्याच दोन मुद्द्यांवर वाद घालत बसतात.

आता करार. कंबोडिया १८६३ पासून फ्रान्सच्या संरक्षणाखाली होता. १३ फेब्रुवारी १९०४ ला फ्रान्स आणि सियामने (म्हणजे आजचा थायलंड) करार केला की डांगरेकच्या ह्या पट्ट्यात सीमा जलविभाजकावरून जाईल, म्हणजे ज्या धारेच्या एका बाजूचं पावसाचं पाणी उत्तरेला वाहतं आणि दुसऱ्या बाजूचं दक्षिणेला, ती धार. प्रत्यक्ष रेषा ठरवायला दोन्ही देशांचा संयुक्त आयोग नेमला, फ्रेंच बाजूचे प्रमुख कर्नल बर्नार. पूर्व डांगरेकची पाहणी कॅप्टन ऊम ह्या फ्रेंच अधिकाऱ्याने केली. मग मार्च १९०७ मध्ये नवीन करार आला, त्यात सियामने बट्टंबांग, सिएम रीप, सिसोफोन हे प्रांत दिले (अंगकोर सिएम रीपमध्येच येतं) आणि त्याला त्रात वगैरे भाग परत मिळाले, आणि ह्या गडबडीत पहिला आयोग परत बसलाच नाही. देवळाच्या भागात सीमा अमुक ठिकाणी ठरली असा आयोगाचा एकही ठराव कागदावर नाही!

नकाशे मात्र निघाले. सियामकडे तेव्हा तशी यंत्रणा नव्हती म्हणून त्यांनीच फ्रेंचांना नकाशे बनवायला सांगितलं, पॅरिसमध्ये अकरा नकाशे छापले गेले आणि १९०८ मध्ये सियामला पोचले. त्यातला डांगरेकचा नकाशा म्हणजे खटल्यातला तो प्रसिद्ध "परिशिष्ट एक" नकाशा. त्यात रेषा देवळाच्या उत्तरेने काढलीय, म्हणजे देऊळ कंबोडियात. थायलंडचं म्हणणं की इथे जलविभाजक कड्याच्या धारेवरूनच जातो, कारण पठाराचा उतार उत्तरेला आहे, त्यामुळे नकाशा कराराशी जुळत नाही. थायलंडने स्वतः १९३४-३५ मध्ये पाहणी केली तेव्हा त्यांनाही नकाशा आणि जलविभाजक ह्यात फरक दिसला होता. पण दिसूनही त्यांनी तक्रार केली नाही, उलट तोच नकाशा वापरत राहिले, आणि इथेच केस गेली.

माझ्या मते अख्ख्या निकालातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा आहे. नकाशे आले तेव्हा सियामच्या गृहखात्याचे प्रमुख प्रिन्स दाम्रोंग ह्यांनी फ्रेंचांचे आभार मानले आणि प्रांतांच्या गव्हर्नरांना द्यायला आणखी पंधरा प्रती मागवल्या. हेच दाम्रोंग १९३० मध्ये देऊळ बघायला गेले तेव्हा तिथे त्यांचं स्वागत फ्रेंच अधिकाऱ्याने केलं, फ्रेंच झेंडा फडकत होता, दाम्रोंग काही बोलले नाहीत, बँकॉकला परतल्यावर आभाराचं पत्र आणि फोटो पाठवले. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या मध्यस्थीने थायलंडने हा सगळा प्रदेश परत मिळवला, युद्धानंतर तो सोडावा लागला, १९४७ मध्ये वॉशिंग्टनला समेट आयोगापुढे सीमेबद्दलच्या तक्रारी मांडायची संधी मिळाली, तिथेही ह्या देवळाचा विषय काढला नाही. कोर्ट म्हणालं की नकाशा सुरुवातीला बंधनकारक नव्हता हे मान्य, पण पन्नास वर्षं तुम्ही तो आपला म्हणून वागलात, त्याचे फायदे घेतलेत, आता चूक होती म्हणू शकत नाही. आणि रेषा खऱ्या जलविभाजकावर आहे की नाही हे तपासायची गरजच नाही असंही स्पष्ट म्हणालं. म्हणजे थायलंड भूगोलात हरला नाही, गप्प राहिल्यामुळे हरला. थाई लोकांना हा निकाल आजही का झोंबतो त्याचं कारण हे, त्यांना वाटतं आमचा खरा मुद्दा कोणी ऐकलाच नाही.

कंबोडिया ९ नोव्हेंबर १९५३ ला स्वतंत्र झाला, फ्रेंच गेले आणि थायलंडने १९५४ मध्ये देवळात आपले रखवालदार बसवले. वाटाघाटी फिसकटल्या, मग १९५९ मध्ये कंबोडिया कोर्टात गेला. कंबोडियाकडून अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन, थायलंडकडून माजी पंतप्रधान सेनी प्रामोज, म्हणजे वकील काही साधेसुधे नव्हते. १५ जून १९६२ ला निकाल आला, ९ विरुद्ध ३: देऊळ कंबोडियाच्या हद्दीत आहे, थायलंडने देवळातून आणि कंबोडियाच्या हद्दीतल्या देवळाच्या परिसरातून आपले सैनिक, पोलीस, रखवालदार काढून घ्यावेत. १९५४ नंतर तिथून काही मूर्ती वगैरे नेल्या असतील तर परत द्या हे ७ विरुद्ध ५.

आता मागितलं काय होतं ते बघा. कंबोडियाने खटल्याच्या शेवटी शेवटी आणखी मागण्या घातल्या होत्या, की त्या नकाशाला कायदेशीर दर्जा आहे आणि त्यावरची रेषा हीच सीमा असं जाहीर करा. कोर्टाने नकाशा कारणमीमांसेत वापरला, पण ह्या मागण्या निकालाच्या आदेशात घेतल्याच नाहीत. म्हणजे विहीर कोणाची ते सांगितलं, विहिरीच्या भोवतीच्या वावराचा बांध कुठे ते नाही.

थायलंडने काय केलं? हुकूमशहा सारित थनारात तेव्हा पंतप्रधान होते, देशात प्रचंड संताप, निदर्शनं. तरी सैनिक मागे घेतले. पण झेंडा उतरवायचा नाही म्हणून फडकता झेंडा काठीसकट उपटून शेजारच्या थाई हद्दीतल्या मो ई दाएंग कड्यावर नेला (मला हे थाई राजकारणाचं अख्खं सार वाटतं, असो). परराष्ट्रमंत्री थनात खोमन ह्यांनी संयुक्त राष्ट्रांना पत्र लिहून कळवलं की आम्ही निकाल पाळतो पण असहमत आहोत आणि पुढेमागे देऊळ परत मिळवायचा आमचा हक्क राखून ठेवतो. आणि मंत्रिमंडळाने आपल्याच मनाने देवळाच्या भोवती एक रेषा आखून काटेरी तारा लावल्या, परिसर म्हणजे एवढाच असं ठरवून. त्यामुळे थायलंड निकाल मानत नाही का, ह्याचं उत्तर: मानतो, पण त्याला वाटतो तेवढाच. थाई मंत्रिमंडळाची रेषा आणि फ्रेंच नकाशाची रेषा ह्यांच्यामध्ये साधारण साडेचार चौरस किलोमीटरचा तुकडा राहिला, बातम्यांत ४.६ चौरस किलोमीटर म्हणतात तो हाच.

मग तेव्हाच का नाही पेटलं? कारण पुढची पस्तीस वर्षं कंबोडियाला सीमा बघायला फुरसत नव्हती. यादवी, ख्मेर रूज ह्या कम्युनिस्टांची राजवट, व्हिएतनामचं सैन्य, परत यादवी. १९७९ मध्ये थायलंडने ह्याच कड्यावरून चाळीस हजारांच्या वर कंबोडियन निर्वासितांना खाली सुरुंग पेरलेल्या जंगलात परत ढकललं, त्यात फार माणसं मेली, आणि थाई बाजूच्या चर्चेत ह्याचा उल्लेख मला फारच कमी दिसतो. १९९८ मध्ये ख्मेर रूजचा जवळपास शेवटचा गट शरण आला तोही ह्याच देवळापाशी.

शांतता झाल्यावर १४ जून २००० ला दोन्ही देशांनी सामंजस्य करार केला, संयुक्त सीमा आयोगाने काम कसं करायचं ते ठरवलं. आणि इथे माझ्या कामाचा खरा विषय येतो. दोन्ही देशांची जमिनीवरची सीमा आठशे किलोमीटरच्या आसपास. त्यातल्या पश्चिमेच्या मोठ्या भागावर शंभर वर्षांपूर्वी लावलेले ७३ सीमाखांब आहेत, काही जागच्या जागी, काही सापडत नाहीत, काहींबद्दल एक बाजू म्हणते हलवलेत. पूर्वेच्या सुमारे १९५ किलोमीटरवर खांबच नाहीत, फक्त करारातलं जलविभाजक आणि तो नकाशा, आणि प्रेह विहिअर ह्याच पट्ट्यात आहे. फ्रेंच नकाशाचं स्केल एकास दोन लाख. म्हणजे कागदावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर शंभर मीटर रुंद होते! त्यात नद्या-ओढे काही ठिकाणी चुकीच्या जागी काढलेत, त्यामुळे नकाशा आजच्या उपग्रह-चित्रावर ठेवला की एक ओढा जुळवला तर दुसरी टेकडी सरकते. थायलंड स्वतः बनवलेले एकास पन्नास हजारचे नकाशे पुढे करतो, कंबोडिया म्हणतो आमचा कोर्टाने वापरलेला नकाशाच खरा. ह्यात नुसतं प्रामाणिक राहूनही दोन सर्वेअर दोन वेगळ्या रेषा काढतील, हे मी अनुभवाने सांगतो. नकाशा नक्की कुठल्या खुणांवर टेकवायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि ती निवड तांत्रिक दिसली तरी तिचा निर्णय राजकीयच असतो.

राजकारण म्हणाल तर २००८ बघा. कंबोडियाला देऊळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत घालायचं होतं. थाई परराष्ट्रमंत्री नोप्पदोन पत्तमा ह्यांनी जूनमध्ये संयुक्त निवेदनावर सही केली, त्यात कंबोडियाने फक्त देवळापुरतं नामांकन ठेवायचं मान्य केलं होतं, वादातला तुकडा बाहेर. माझ्या मते थायलंडला ह्यापेक्षा चांगलं काही मिळणार नव्हतं. पण हे नोप्पदोन माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रांचे वकील राहिलेले, आणि पिवळ्या शर्टवाल्यांना (थाकसिनविरोधी आंदोलकांना) थाकसिनच्या माणसांचं सरकार पाडायला मुद्दा हवाच होता. देश विकला अशी ओरड झाली, घटनात्मक न्यायालय म्हणालं हे निवेदन म्हणजे करारच, संसदेला विचारायला हवं होतं, नोप्पदोनने राजीनामा दिला. ७ जुलैला देऊळ यादीत गेलं, तिकडे कंबोडियात त्याच महिन्यात निवडणूक, तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन ह्यांना आयता विजयोत्सव. ऑक्टोबरपासून गोळीबार सुरू, फेब्रुवारी २०११ मध्ये तोफा चालल्या, देवळालाही इजा झाली.

तेव्हा कंबोडिया परत कोर्टात गेला आणि हा डाव मला फार हुशार वाटतो. थायलंडने कोर्टाचा अधिकार आधीच मान्य करणारी जी घोषणा केली होती ती १९६० मध्ये संपली आणि परत कधी केलीच नाही, त्यामुळे नवीन खटला थायलंडच्या संमतीशिवाय भरताच येत नाही. पण जुन्या निकालाचा अर्थ सांगा असं मागायला मुदत नसते आणि नव्याने संमतीही लागत नाही. त्या वाटेने गेले. ११ नोव्हेंबर २०१३ ला कोर्टाने एकमताने सांगितलं की परिसर म्हणजे देवळाचं अख्खं टोक, ज्याची उत्तरेची हद्द नकाशावरची रेषा, त्यामुळे थाई मंत्रिमंडळाची ती रेषा गेली. पण शेजारची फ्नोम त्राप टेकडी त्यात नाही, आणि नकाशावरची रेषा जमिनीवर कशी उतरवायची ते आम्ही सांगणार नाही, तुम्ही दोघांनी बसून ठरवा, एकतर्फी करू नका. दोन्ही सरकारांनी आपण जिंकलो म्हणून घरी सांगितलं आणि थोडंफार दोघांचंही खरं होतं.

म्हणून २०२५ च्या बातम्यांत जी नावं आलीत ती बघा: ता मुएन थोम, ता मुएन तोच, ता क्रबेइ, मोम बेइ. पहिली तीन ख्मेर देवळं, चौथा थायलंड, कंबोडिया आणि लाओस मिळतात त्या तिठ्याजवळचा भाग. ह्यातलं एकही १९६२ किंवा २०१३ च्या निकालात नाही. फेब्रुवारीत कंबोडियाच्या लोकांनी ता मुएन थोमला राष्ट्रगीत गायलं त्यावरून बाचाबाची झाली, २८ मेला तिठ्याजवळच्या चकमकीत एक कंबोडियन सैनिक मेला, जूनमध्ये कंबोडियाने ह्या चार जागा कोर्टात नेऊ म्हटलं, थायलंड म्हणाला आम्हाला तिथला अधिकार मान्य नाही. मग थायलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान पैतोंगतार्न ह्यांचा हुन सेनना केलेला फोन फुटला, त्यात त्या त्यांना काका म्हणतात आणि स्वतःच्याच लष्करी कमांडरबद्दल नाराजी दाखवतात. युतीतला मोठा पक्ष बाहेर पडला, १ जुलैला घटनात्मक न्यायालयाने त्यांना निलंबित केलं, ऑगस्टअखेर पदच गेलं. मधल्या मध्ये २४ जुलैला लढाई पेटली, दोन्हीकडे मिळून तीन लाखांच्या आसपास लोक घरं सोडून पळाले, २८ जुलैला मलेशियात युद्धविराम, ऑक्टोबरमध्ये क्वालालंपूरला ट्रम्प ह्यांच्या उपस्थितीत घोषणापत्र, डिसेंबरमध्ये परत लढाई आणि २७ डिसेंबरला परत युद्धविराम.

ह्यात राजकारण किती? पेटवायला राजकारणच लागतं, तेवढं तुमचं बरोबर. थायलंडमध्ये निवडून आलेलं सरकार आणि लष्कर ही दोन वेगळी सत्ताकेंद्रं आहेत आणि सीमेवर लष्कराचंच चालतं, त्यामुळे जो पंतप्रधान शेजाऱ्याशी सौम्य बोलेल तो घरात अडकतो. कंबोडियात हुन मानेत पंतप्रधान असले तरी सूत्रं वडिलांकडे, म्हणजे हुन सेन ह्यांच्याकडे आहेत असं बहुतेक जाणकार मानतात, आणि ज्या देशाच्या झेंड्यावरच देऊळ आहे तिथे देवळावर मागे हटणं कोणालाच परवडत नाही. थाई बाजूलाही गमावलेल्या प्रदेशाची आठवण शाळेपासून मनात भरलेली. पण आग लागायला सुकं गवत पण हवं, ते म्हणजे ही न आखलेली रेषा.

कोण बरोबर हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढचा प्रश्न तोच असणार. जागेप्रमाणे बदलतं. प्रेह विहिअर आणि त्याचं टोक, कंबोडियाचं, ह्यात किंतु नाही. फ्नोम त्राप, खुला प्रश्न. ता मुएन थोम आणि ता क्रबेइ खांबांच्या पट्ट्यात येतात, तिथे जुन्या खांबांच्या नोंदी आणि जलविभाजक एकत्र तपासावे लागतील, आणि १९६२ च्या निकालातलं "तुम्ही गप्प बसलात" हे तत्त्व तिथे आपोआप लागू होत नाही, तिथे कोण कधी हजर होतं, कोणी देऊळ सांभाळलं, कोणी तक्रार केली हे वेगळं सिद्ध करावं लागेल. ख्मेर शैलीचं आहे म्हणून कंबोडियाचं हा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही, तसं असतं तर थायलंडच्या आतली पिमाई आणि फनोम रुंग ही ख्मेर देवळं पण मागता आली असती.

पुढे काय होईल हे बघायचं असेल तर युद्धविरामाच्या हेडलाइन सोडा आणि दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. थायलंडमध्ये २००० चा तो सामंजस्य करार रद्द करा अशी मागणी जोरात आहे, कारण त्यात फ्रेंच नकाशांचा उल्लेख आहे. तो रद्द झाला तर संयुक्त आयोगाला बसायला पाटच राहत नाही, थायलंडचाही तोटाच, कारण १९०४ आणि १९०७ चे करार तर तरीही राहणार. आणि दुसरं, आयोगाची बैठक झाली की किती खांबांच्या जागेवर एकमत झालं तो आकडा शोधा, बातमीत तो शेवटच्या ओळीत असतो किंवा नसतोच. तो वाढतोय तोवर मी आशावादी, आणि लष्करी कमांडर सीमेवर तारा आणि कंटेनर लावायला लागले की समजा आयोगाचं काम थांबलंय. कुठल्या एका जागेबद्दल जास्त हवं असेल तर नाव सांगा, तेवढ्यापुरतं लिहितो.